टायमिंग चेन बदलली आणि गाडी थरथरायला लागली: इंदूरच्या अंगणातल्या नोंदी

२१ सप्टेंबर २०२४, शनिवार

गाडी २०१४ची, चार सिलिंडर, १२०० सीसी, पेट्रोल. सेकंडहँड घेतलेली. मीटरवर १ लाख १२ हजार किलोमीटर. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे रामायण झालं त्यात गाडीचा दोष काडीचाही नव्हता, उगाच तिचं नाव खराब व्हायला नको.

तक्रार एवढीच की सकाळी पहिल्यांदा चालू केली की पुढून चार-पाच सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा खळखळाट, मग गप्प. ऑइल फिलरचं झाकण उघडलं तर आत काळा चिखल. आधीच्या मालकाने तेल बदलायचा कंटाळा केलेला दिसतो. टायमिंग चेन म्हणजे खालच्या क्रँकच्या (पिस्टनने फिरणारा दांडा) तालावर वरचे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) फिरवणारी साखळी. तिला ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. दाब येईपर्यंत ढिली चेन गाइडवर (तिला वाटेत धरणाऱ्या पट्टीवर) आपटते, तो हा आवाज.

मिस्त्रीने सामान-मजुरी धरून १३,५०० सांगितले. बाबा गिरणीत फिटर होते, त्यांचं म्हणणं, 'घरी करू, त्यात काय!' मलाही तेच ऐकायचं होतं. छोट्या ग्वालटोलीतून किट आणलं: चेन, टेन्शनर, दोन गाइड, ४,८०० रुपये. पुढचं ऑइल सील १८०, सिलिकॉनची ट्यूब ३५०, तेल आणि फिल्टर १,६५०. मोबाइलला जोडून गाडीचे बिघाडाचे कोड वाचायचा स्कॅनर ६५०. हा स्कॅनर नसेल तर कामाला हातच लावू नका.

२८ सप्टेंबर, शनिवार

सगळा दिवस उघडण्यात गेला. उजवं चाक, आतला प्लास्टिकचा पडदा, बेल्ट, टॅपेट कव्हर. चेंबरखाली (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) लाकडाची फळी ठेवून जॅकने इंजिन तोललं आणि उजवीकडचं माउंटिंग काढलं. फळी विसरू नका. जॅक थेट पत्र्याच्या चेंबरला लावला तर पोचा पडतो आणि आतली तेल ओढायची जाळी तळाला चिकटते.

क्रँक पुलीचा बोल्ट मात्र दोन तास हलेना. गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून बाबा ब्रेकवर उभे राहिले, तरी पुली फिरतच होती. शेवटी वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्टीला दोन खुंट्या ठोकून पुली धरायचं हत्यार करून घेतलं, २५० रुपये. त्यावर दोन मिनिटांत सुटला. ते आधीच करून ठेवा.

संध्याकाळी फ्रंट कव्हर उतरलं. टेन्शनरचा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला, म्हणजे ताणायला जागाच उरली नव्हती. जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला टांगली तर जुनी सहा-सात मिलिमीटर खाली. लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही, प्रत्येक पिन थोडी थोडी झिजते आणि सगळ्या कड्यांची मिळून एवढी लांबी होते.

२९ सप्टेंबर, रविवार

आजच्या नोंदीत पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ आहे. त्या वेळी मात्र ते माझ्या लक्षात आलं नाही.

नव्या चेनला पॅकिंगचं चिकट ग्रीस होतं. मी हौसेने ती पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने घासली. चेन लखलखीत झाली आणि तीन रंगीत कड्यांचा रंगही पेट्रोलात गेला. या कड्याच खुणा असतात: एक क्रँकच्या स्प्रॉकेटवरच्या (दातेरी चाकावरच्या) ठिपक्याशी, दोन वरच्या दोन कॅमच्या ठिपक्यांशी जुळवायच्या. माझ्या चेनवर पेट्रोलने न जाणारा मुलामा नव्हता, साधा रंग होता.

म्हटलं, जुन्या चेनवर खुणा आहेत, तिच्यावरून मोजून घेऊ. जुनी पुसली, तिन्ही कड्या सापडल्या. बायकोची लाल नेलपॉलिश मागून आणली आणि नव्या चेनवर खुणा केल्या. 'परत आणून द्या,' असं ती म्हणाली होती. बाटली अजून टूलबॉक्समध्येच आहे.

पुढचं काम पुस्तकाप्रमाणे. वरच्या दोन कॅमपैकी इनटेकचा हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडतो, एक्झॉस्टचा धूर सोडणारे. इनटेक कॅमचा व्हीव्हीटी स्प्रॉकेट (गाडी चालताना तेलाच्या दाबाने कॅम पुढे-मागे करणारा) हाताने पिळून पाहिला, कुलूप बसलेलं होतं, हलला नाही. हे तपासाच, कारण तो मोकळा असेल तर ठिपका जुळूनही टायमिंग चुकतं. टेन्शनर बसवला, त्याची पिन ओढली, चेन कटकन ताणली गेली. मग क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो आणि सगळं मूळ जागी यायला हवं.

लाल खुणा जुळल्या नाहीत. पण मी आधी वाचलं होतं की दोन फेऱ्यांनंतर रंगीत कड्या जुळत नाहीत, चेनच्या कड्या आणि स्प्रॉकेटचे दात यांचा हिशेब तसा बसत नाही, घाबरू नये. ते खरंच आहे. म्हणून मी घाबरलो नाही आणि कव्हर लावलं.

सिलिकॉन पुरीवर श्रीखंड लावावं तसं सढळ हाताने लावलं, गळती नको म्हणून. रात्री साडेअकराला हात धुतले.

३० सप्टेंबर, सोमवार

सिलिकॉनला चोवीस तास दिले. रात्री तेल भरलं, चावी फिरवली. पहिल्या झटक्यात चालू! खळखळाट नाही. बाबांनी टाळी दिली. दहा सेकंदांनी गाडी म्हाताऱ्यासारखी थरथरायला लागली. रेस दिली तर हुंकार देते, पण जोर नाही. पिवळा दिवा लागला. स्कॅनरवर कोड: पी ००१६.

२ ऑक्टोबर, बुधवार (गांधी जयंतीची सुट्टी)

पी ००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. पण कोडच्या वर्णनात 'सेन्सर' हा शब्द येतो आणि नजर नेमकी त्यावर जाते. माझीही गेली. कॅम सेन्सर बदलला, १,१५० रुपये. कोड पुसला, गाडी चालू केली, एका मिनिटात तोच कोड. तो सेन्सर आता कपाटात आहे, जुनाही उत्तम चालतो.

थोडा विचार केला असता तर कळलं असतं: शनिवारपर्यंत चालणारा सेन्सर मी हात न लावता रविवारी कसा मरेल?

५ ऑक्टोबर, शनिवार

प्लग बदलले, ६०० रुपये. फरक शून्य. प्लगना ठिणगी देणाऱ्या कॉइल एकमेकांत अदलाबदल करून पाहिल्या, मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं) कुठल्याच एका सिलिंडरचा नव्हता. इनटेकच्या रबरी नळ्यांवर साबणाचं पाणी मारलं, कुठे हवा ओढत नव्हती.

दुपारी मिस्त्री चहाला आला. बोनेट उघडं होतं. उभ्या उभ्या ऐकलं आणि म्हणाला, 'भिया, टायमिंग आउट है, और कुछ नहीं.' मी म्हटलं, दोन फेरे फिरवून बघितलंय. तो पोहे खात राहिला, वाद घातला नाही. मला तेव्हा त्याचा थोडा रागच आला होता.

६ ऑक्टोबर, रविवार

कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचा) आणला, ९०० रुपये. चारी प्लग काढले, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून बाबांनी स्टार्टर मारला. आकडे पीएसआयमध्ये:

पहिला १२८, दुसरा १३०, तिसरा १२६, चौथा १२९.

चांगल्या इंजिनात हे १७०च्या आसपास हवेत. पण खरी गोष्ट आकडा कमी असण्यात नाही, चारी आकडे सारखेच कमी असण्यात आहे. व्हॉल्व्ह वाकला असता तर एखादा सिलिंडर वेगळा पडला असता. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर चमचाभर तेल टाकल्यावर आकडा उसळला असता. टाकून पाहिलं, १३२. चारी एकदम सारखे आजारी पडतात ते टायमिंगमुळे: इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि आत आलेली हवा परत बाहेर ढकलली जाते.

दुसरा पुरावा फुकटात मिळाला, स्कॅनरवर मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात हवा शिरते त्या नळीतला दाब) दिसतं. इंजिन बंद, चावी चालू: ९५ किलोपास्कल. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, त्यामुळे इथे समुद्रकाठचे १०१ दिसत नाहीत, सेन्सर बरोबर आहे. आयडलवर, म्हणजे रेस न देता गाडी नुसती चालू असताना, मात्र ४७. तिथे ३० ते ३५ हवं. एवढं पाहिल्यावर मिस्त्रीच्या पोह्यांची आठवण आली.

रात्री जेवताना सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, 'तू खांब मोजलेस की खण?'

मला कळेना. ते म्हणाले, पडवीला पाच खांब असतील तर खण चारच. जुन्या चेनवर मोजताना खुणेची कडी धरली होतीस का? नव्या चेनवर धरली होतीस का?

हात न धुता उठलो. फोनमध्ये कव्हर लावण्याआधीचा फोटो होता, तो मोठा करून पाहिला. चेनमध्ये एक कडी बाहेरच्या पट्ट्यांची, पुढची आतल्या पट्ट्यांची, अशा आलटून पालटून असतात. जुन्या चेनवर तिन्ही खुणा बाहेरच्या पट्ट्यांवर होत्या. फोटोत क्रँकची आणि एक्झॉस्टची लाल खूण बाहेरच्या पट्टीवर. इनटेकची आतल्या पट्टीवर.

एक कडी. जुन्या चेनवर मी मधले खण मोजले होते आणि नव्यावर खांब.

कॅमच्या स्प्रॉकेटला ३६ दात. एक दात चुकला की कॅम १० अंश सरकतो, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने २० अंश. एवढ्यात माझे व्हॉल्व्ह पिस्टनला लागले नाहीत, हे नशीब. दोन-तीन दात चुकले असते तर हेड खोलावं लागलं असतं.

आणि ते दोन फेरे? रंगीत कड्या जुळत नाहीत हे खरं, पण स्प्रॉकेटचे ठिपके जुळलेच पाहिजेत. मी कड्यांकडे पाहून ठिपक्यांनाही माफी देऊन टाकली.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

आठवडाभर स्कूटर. आज सुट्टी होती, सकाळी सातला अंगणात गेलो तर टूलबॉक्स रिकामा. पाने, सॉकेट, टॉर्क रेंच, वेल्डिंगवाल्याची ती पट्टीसुद्धा देवघरासमोर पाटावर, हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहिलेली. बाबा म्हणाले, 'आज हत्यारांना हात लावायचा नाही.' दिवस गेला. १४ नंबरच्या सॉकेटमध्ये अजून अक्षता निघतात.

१३ ऑक्टोबर, रविवार

या वेळी उघडायला तीन तास पुरले. कव्हर काढलं तर आतल्या कडेने सिलिकॉनच्या करड्या शेवया लोंबत होत्या. हाताला लागल्या तेवढ्या काढल्या. हाताला न लागलेल्या कुठे गेल्या असतील हे तेव्हाच मनात यायला हवं होतं.

नव्या खुणा करताना दोघांनी वेगवेगळं मोजलं, मी मोठ्याने, बाबा बोटांवर. दोघांचा आकडा जुळल्यावरच नेलपॉलिश. चेन बसवली, पिन ओढली, दोन फेरे, आणि पुन्हा इनटेकचा ठिपका एक दात मागे!

दहा मिनिटं दोघं गप्प. खुणा बरोबर होत्या. झालं असं की चेन चढवताना एक्झॉस्ट आणि क्रँक यांच्या मधल्या, टेन्शनर नसलेल्या बाजूला थोडी ढील राहिली होती. टेन्शनर सुटल्यावर त्याने सगळी ढील आपल्याकडे ओढली आणि कॅम फिरला. ती बाजू आधी टरटरीत ताणून घ्यायची, ढील फक्त टेन्शनरच्या बाजूला ठेवायची. वरच्या दोन्ही स्प्रॉकेटना चेन केबल टायने बांधून घेतली, मग क्रँकवर उतरवली. टाय कापले, पिन ओढली, दोन फेरे. ठिपके जुळले. परत दोन फेरे. बाबांनी चष्मा पुसून स्वतः पाहिलं.

सिलिकॉन या वेळी तीन मिलिमीटरची बारीक रेघ. दुसरी ट्यूब ३५०, सील परत १८०, तेल-फिल्टर परत १,६५०.

१४ ऑक्टोबर, सोमवार

चालू केली. आयडलवर ३३ किलोपास्कल. डॅशबोर्डवर पाण्याचा पेला ठेवला, पाणी नुसतं थरथरलं, सांडलं नाही. कॉम्प्रेशन १७२, १७५, १७०, १७४.

मिस्त्रीला फोन केला. 'बोला था ना भिया,' एवढंच म्हणाला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे भेरू घाटापर्यंत चाचणी. सपाटीवर सुरेख. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये मधल्या आरपीएमला दम नाही, मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं. परतताना पिवळा दिवा. या वेळी कोड पी ००१२: इनटेक कॅम सांगितल्यापेक्षा मागे राहतोय.

पहिल्यांदा वाटलं चेन पुन्हा उडी मारून गेली. पण आयडलचं प्रेशर ३३च होतं. मूळ टायमिंग चुकलं असतं तर तेही बिघडलं असतं. म्हणजे जागा बरोबर आहे, पण इंजिन गरम होऊन कॅम पुढे न्यायची वेळ आली की तो जात नाही. त्याला पुढे नेतं ते तेल. तेल कुठेतरी अडलंय. कुठे, हे १३ तारखेच्या नोंदीतच लिहून ठेवलंय.

२० ऑक्टोबर, रविवार

व्हीव्हीटीचा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह एका बोल्टवर असतो, काढायला पाच मिनिटं. बॅटरीच्या दोन तारा क्षणभर लावल्या, टक् आवाज आला, म्हणजे व्हॉल्व्ह जिवंत. त्याच्या अंगावरच्या बारीक जाळीत मात्र चहाच्या गाळणीत साय अडकावी तसं करडं सिलिकॉन. चिमट्याने काढून कागदावर ठेवलं, नखाएवढा ढीग झाला.

तेवढ्यावर थांबायचा मोह झाला होता. पण वर एवढं पोचलं तर खाली किती असेल म्हणून चेंबर उतरवलं. तेल ओढायच्या जाळीवर एक चतुर्थांश भाग झाकलेला, त्यात एक शेवई चांगली बोटभर लांब. ही वाढत गेली असती तर इंजिनच बसलं असतं. चेंबर धुतलं, जाळी साफ केली, व्हॉल्व्हला नवी ओ-रिंग ६०, तेल-फिल्टर तिसऱ्यांदा १,६५०. सिलिकॉन जुन्याच ट्यूबमधलं, पुरवून पुरवून वापरलं.

आज बाबांनी हिशेब मांडला, किराण्याच्या वहीत मागच्या पानावर: एकूण १४,४२०. त्यातले सेन्सर-प्लगचे १,७५० निव्वळ माझ्या अंदाजपंचेचे, दोन वेळच्या जादा तेलाचे ३,३००. मिस्त्रीचे १३,५०० होते. त्याखाली त्यांनी रेघ ओढली आणि काही बोलले नाहीत.

२७ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर ऑफिसला गाडीनेच. सकाळी थंड चालू करताना आवाज नाही. आज बाबांना घेऊन भेरू घाट, तिसऱ्या गिअरमध्ये वरपर्यंत, दिवा नाही, कोड नाही.

घरी आल्यावर खाली पुठ्ठा टाकला. दोन तासांनी चेंबरच्या कोपऱ्याखाली तेलाचा एक ठिपका, टिकलीएवढा. पहिल्यांदा सिलिकॉन उधळलं, शेवटी चिक्कूपणा केला. दिवाळी चार दिवसांवर आली आहे, आता चेंबर पुन्हा उतरवत नाही. बाबांनी ठिपक्याभोवती पेन्सिलीने गोल काढून बाजूला तारीख टाकली आणि पुठ्ठा परत गाडीखाली सरकवला.